ताफ्यातलं बिनतोफेचं जहाज

माझ्या मित्राचा थोरला भाऊ तेलवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. वर्षातले दोन-तीन महिने घरी, बाकीचे पाण्यावर. आम्ही सगळे त्याला भाईच म्हणायचो. एका सुट्टीत त्याने साबण, टॉर्च आणि आईसाठी कापड आणलं, आणि त्यासोबत एक चपटं खोकं. कुठल्याशा परदेशी बंदरातल्या दुकानात त्याला ते दिसलं होतं. झाकणावर काळ्या आभाळात एकमेकांवर आग ओकणारी जहाजं होती.

"जहाजांचा खेळ आहे एवढंच कळलं," तो म्हणाला. "पाण्यातली नाहीत, अंतराळातली आहेत, हे घरी येऊन बघितलं. आता तुम्हीच काय ते करा."

मित्र आणि मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. त्याचं घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीकडे. ओटीवर चटई टाकून आम्ही खोक्यातला नकाशा पसरला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, पुठ्ठ्याच्या टिकल्यांवर छापलेली जहाजं, दोन फासे, आणि बारीक इंग्रजीतलं नियमांचं पुस्तक. ते वाचायलाच पहिला आठवडा गेला. खेळाची खरी गंमत लढाईच्या आधीच होती. दोघांना सारखेच गुण मिळायचे. प्रत्येक जहाजाला किती गुण मोजायचे ते ठरलेलं. तेवढ्यात बसवून आपापला ताफा निवडायचा, कागदावर मांडायचा, आणि मगच नकाशावर उतरायचं.

इंग्रजी नावं आम्हाला जड जायची. म्हणून सगळ्यांत मोठ्या लढाऊ जहाजाला आम्ही गुराब म्हणू लागलो, मधल्याला गलबत, लहानाला मचवा. एका जहाजाच्या पोटातून छोटी विमानं बाहेर पडायची, त्याला मित्राने कोंबडी नाव दिलं. पुस्तकात शेवटी एक मदतजहाजही होतं. त्याला तोफ नव्हती. दुसऱ्या जहाजाची दुरुस्ती करायची, बुडालेल्या जहाजाची माणसं उचलायची, एवढंच त्याचं काम. माणसं उचलली तर गुण मिळत नव्हते. त्याला नाव ठेवायची आम्हाला गरजच पडली नाही.

पहिल्या लढाईत मी सगळे गुण गुराबांवर घातले. मित्राने नुसते मचवे घेतले. माझ्या गुराबांना वळायला इतका वेळ लागायचा की तोवर त्याचे मचवे पाठीमागे जाऊन बसायचे, आणि गुराबेला पाठीमागे तोफ नव्हती. मी हरलो. पुढच्या वेळी मी मचवे घेतले, तर त्याच्या एकाच गुराबेने समोरून त्यांची चाळण केली.

चाची, म्हणजे मित्राची आई, उंबऱ्यात बसून कोळंबी सोलत होत्या. आमचा वाद ऐकून म्हणाल्या, "काय रे, ताटात नुसते मासेच वाढून घेता? भात कुठाय? कालवण कुठाय?"

आम्ही हसलो, पण त्यानंतर ताफे तसेच होऊ लागले. एक गुराब, तिच्या पाठीला दोन गलबतं, पुढे टेहळणीला मचवे. एखाद्या वेळी मचवे कमी करून कोंबडी. हे घेतलं की ते सोडावं लागायचं, आणि काय सोडायचं यावरच सगळा वेळ जायचा. कॉलेजात सरांचं लेक्चर चालू असताना मित्र वहीच्या कडेला ताफा जुळवत असायचा.

भाई कधी खेळला नाही. चहाचा कप हातात घेऊन थोडा वेळ बघायचा आणि उठून जायचा. सुट्टी संपली, तो परत जहाजावर गेला.

त्या वर्षांत आखातात युद्ध चालू होतं आणि तेलाच्या जहाजांवर हल्ले होत होते. किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांतली माणसं तिकडे, त्यामुळे संध्याकाळच्या बातम्यांना रेडिओभोवती बायकासुद्धा येऊन बसायच्या. एका शुक्रवारी मी गेलो तेव्हा ओटीवर खूप चपला होत्या. मुंबईच्या एजंटाकडून निरोप आला होता. भाईच्या जहाजाला आग लागली होती. काही माणसं वाचली होती, पण कोण कोण ते अजून कळलेलं नव्हतं.

चाची नमाजाच्या चटईवरून, जायनमाजवरून, उठत नव्हत्या. नातेवाईक येत होते, जात होते. मित्राचे वडील आधीच वारलेले, त्यामुळे मुंबईला फोन लावायचा, पोस्टात जाऊन थांबायचं, सगळं मित्रावर आलं. मी त्याच्याबरोबर जायचो. ट्रंक कॉल लागेपर्यंत आम्ही बाकावर बसून राहायचो. कॉल लागला की पलीकडचा माणूस म्हणायचा, अजून यादी आली नाही.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून परत आल्यावर मित्र म्हणाला, "मांड."

"काय?"

"खेळ मांड. मला नुसतं बसवत नाही."

मागल्या खोलीत आम्ही नकाशा पसरला. त्याने नेहमीसारखा चांगला जुळवलेला ताफा घेतला. पण लढाई सुरू झाली तसं माझ्या लक्षात आलं, की त्याच्या एखाद्या जहाजाला जरा मार बसला की तो ते वळवतो आणि नकाशाच्या कडेकडे नेतो. नकाशाबाहेर गेलेलं जहाज नियमाने गमावल्यातच जमा होतं.

"अरे, ते गलबत अजून लढू शकतंय," मी म्हणालो. "बाहेर काढलंस तर त्याचे गुण मला मिळतात."

"मिळू देत," तो म्हणाला. "त्यावरची माणसं घरी जाऊ देत."

मी ते गुण माझ्या नावावर मांडले. फासे त्याच्या हातात दिले. त्या दिवसांत आम्ही जेवढ्या लढाया खेळलो, त्या सगळ्या मी जिंकलो. नकाशाच्या कडेला त्याची जहाजं रांगेने ठेवलेली असायची, एकही बुडालेलं नसायचं.

मग तार आली. भाई वाचला होता. हात भाजले होते. चाचींनी तार दोन्ही डोळ्यांना लावली आणि मग पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.

तो घरी आला तेव्हा दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. अंगाने निम्मा झाला होता. बोलायचा, पण विचारलं तेवढंच. कुणी आगीचं विचारलं की, "झालं ते झालं," म्हणून खाडीकडे बघत राहायचा. चाची त्याला घास भरवायच्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "ते खोकं आता माळ्यावर टाका. लढाया बस झाल्या."

मित्राने खोकं उचललं, तोच भाई म्हणाला, "थांब. मला शिकवा तो खेळ."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग चटई टाकली. मी एकेका जहाजाचे गुण वाचून दाखवू लागलो, भाई डोळे मिटून ऐकत होता. मी यादीच्या शेवटी आलो आणि पुस्तक मिटणार, तेवढ्यात डोळे उघडून पानाकडे बघत तो म्हणाला, "हे शेवटचं तुम्ही वाचलं नाही."

"त्याला तोफ नाही, भाई. ते कुणी घेत नाही. त्याच्या गुणांत दोन मचवे येतात."

"काय करतं ते?"

"माणसं उचलतं."

त्याने पट्ट्या बांधलेले हात मांडीवर घेतले. मग सांगू लागला. आग लागल्यावर त्यांनी पाण्यात उड्या टाकल्या. पाण्यावरही तेल जळत होतं. दुरून एक मोठं जहाज गेलं, त्याचे दिवे स्पष्ट दिसले. ते थांबलं नाही. "थांबलं असतं तर त्यालाही लागला असता गोळा. त्यांचंही बरोबर होतं," भाई म्हणाला. उजाडल्यावर एक लाकडी मालवाहू होडी आली, खजुराच्या पोत्यांनी भरलेली. तिच्यावरच्या माणसांनी पोती पाण्यात लोटून दिली आणि यांना जागा केली. तोवर दोघं गेले होते.

चाची दारात उभ्या होत्या. हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं.

"मला ते घ्या," भाई म्हणाला. "उरलेल्या गुणांत काय बसेल ते बसवा."

गुराब बसत नव्हती. शेवटी तीन गलबतं, एक मचवा आणि ते मदतजहाज असा ताफा झाला. त्याच्या टिकल्या मित्र सरकवत होता, भाई तोंडाने सांगत होता. मी समोर. चार-पाच फेऱ्यांनंतर मदतजहाज माझ्या गुराबेसमोर उघडं पडलं. मी थांबलो आणि दुसरीकडे वळायला लागलो.

"का वळतोस?" भाईने विचारलं.

"असंच."

"नियमात बसतं ना? मग मार. माझ्यावर दया म्हणून खेळू नकोस."

मी फासे टाकले. जहाज गेलं. भाईने मान हलवली आणि पुढची चाल सांगितली. तो हरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच जहाज घेतलं, आणि ते मागे कसं ठेवायचं, गलबतांच्या आडोशाला कसं न्यायचं, यावर बराच वेळ विचार केला. त्या दिवशी ते शेवटपर्यंत टिकलं. हरला मात्र पुन्हा भाईच.

पट्ट्या सुटल्यावर बोटं पूर्वीसारखी वळेनात. जहाजाची नोकरी गेली. पुढे मिरकरवाड्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात त्याने बसायला सुरुवात केली. पाना त्याला धरता यायचा नाही, आवाज ऐकून दोष सांगायचा आणि दुसऱ्याकडून काम करून घ्यायचा. परीक्षा झाल्यावर मित्रालाच आखातात नोकरी मिळाली, जमिनीवरची, एका गोदामात. चाचींनी खूप नको म्हटलं, पण घर चालवायचं होतं. तो गेला.

मी रत्नागिरीतच नोकरीला लागलो. शुक्रवारी दुपारी गॅरेज बंद असलं की मी अर्ध्या रजेवर भाईकडे जायचो. आता टिकल्या तो स्वतः सरकवायचा, तर्जनीच्या कडेने ढकलत. कधी एखादी घसरून दुसऱ्याच घरात जायची, मग मी ती नीट ठेवायचो. ताफ्यांवर आम्ही पहिल्यासारखेच भांडायचो. हळूहळू माझ्याही यादीत एखाद्या वेळी ते जहाज येऊ लागलं. त्याने त्यावर कधी काही म्हटलं नाही.

एकदा लढाई अर्ध्यावर असताना त्याने हात आवरला आणि होडी येईपर्यंत पाण्यातच गेलेल्या त्या दोघांबद्दल सांगायला लागला. एक तमिळ होता, जेवताना वाटीभर ताक लागायचं. दुसरा मालगुंडच्या बाजूचा, नुकतं लग्न झालेलं, इंजिनरूमच्या गोंगाटातही शीळ घालायचा. मग त्याने दोघांची नावं सांगितली. मी ती दोन्ही नावं त्याच्या मागून एकदा म्हटली. आत चाचींनी चहा टाकला होता, त्याचा वास येत होता. भाई म्हणाला, "चल, तुझी चाल आहे."