शिक्का मारा, बोट सुटतेय!

लोकांना वाटतं, गमती बोटीवर घडतात. बोटीवर काय घडणार? दोन दिवस उलट्या, मग पत्ते. खऱ्या गमती घडायच्या बोट अजून मुंबईच्या धक्क्यावर उभी असताना, आणि त्यासुद्धा समुद्राचा थेंब नसलेल्या आमच्या इंदूरात, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोरच्या, म्हणजे राजघराण्याच्या दगडी समाध्यांसमोरच्या, एका माडीवर! मी तिथे, परदेशी जाणाऱ्यांचे कागद आणि बोटीची तिकिटं करून देणाऱ्या ऑफिसात, टायपिस्ट होते. एकेक जण विलायतेला, आफ्रिकेला रवाना व्हायचा, त्याची फाईल कपाटात जायची आणि त्याचा किस्सा आमच्याकडे राहायचा. फायली कधीच रद्दीत गेल्या. किस्से अजून जागा अडवून बसलेत, म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगून टाकावेत.

तेव्हा नवं मध्यप्रदेश राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. पासपोर्टची फाईल भोपाळला जायची आणि तिथे बहुतेक चांगली झोप काढून यायची. आमचे मालक मामासाहेब. त्यांचे आजोबा दरबारच्या घोडदळात होते. मामासाहेब म्हणायचे, "आजोबांनी घोडे चढवले, मी माणसं बोटीवर चढवतो. घोडे बरे होते, त्यांना फॉर्म भरावा लागत नसे!" खालच्या मजल्यावर डॉक्टर सोहनींचा दवाखाना. देवीची लस आणि कॉलऱ्याचं इंजेक्शन ते द्यायचे आणि पिवळ्या पुस्तकात सही करून वर सरकारमान्य शिक्का मारायचे. तो शिक्का नसेल तर बोटीवर पाय ठेवू देत नसत. आणि चौथा आमचा रामरतन. हुद्दा चपराशाचा, वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठा, आणि तोंड त्याहून मोठं.

*

एक पहलवान आले. मोंबासाला कुणा शेठच्या आखाड्यात उस्ताद म्हणून चालले होते. माडीच्या जिन्यातून त्यांना तिरकं होऊन वर यावं लागलं. सोबत चार-पाच चेले.

डॉक्टरांनी सुई काढली. चेले म्हणाले, "डॉक्टर साब, उल्टे हाथ में. सीधा हाथ दंगल का है." डॉक्टरांनी डावा दंड धरला, म्हणजे धरायचा प्रयत्न केला, आणि सुई टोचली. सुई वाकली! दुसरी घेतली. तीही वाकली.

डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "पहलवान, भिया, जरा ढीला छोडो ना हाथ."

पहलवान बिचारे गोरेमोरे झाले. म्हणाले, "डॉक्टर साब, ढीला ही है!"

*

पासपोर्टच्या फॉर्मात एक रकाना असायचा: शरीरावरची ओळखीची खूण. तीळ, व्रण, काहीतरी. एक तरुण प्राध्यापक आले. गोरेपान, नितळ. आईने काचेच्या कपाटात ठेवून वाढवलेले असावेत. खूणच सापडेना! मी म्हटलं, "लहानपणी कधी पडला नाहीत?"

"नाही हो. आई खेळायला सोडायची नाही."

मामासाहेब म्हणाले, "रकाना रिकामा गेला तर भोपाळहून फाईल परत येईल. महिना तरी गेलाच." प्राध्यापक रडकुंडीला आले. त्यांची टर्म सुरू व्हायची होती.

दारात टेकून उभा असलेला रामरतन शांतपणे म्हणाला, "इसमें क्या फिकर, भिया? नीचे म्हारी सायकल खडी है. राजवाडे तक एक चक्कर लगा आओ. ब्रेक नी है उसमें."

प्राध्यापक खरंच उठले! मामासाहेबांनी हात धरून बसवलं. शेवटी कानामागे एक पुसट तीळ मलाच दिसला, म्हणून वाचले.

*

पासपोर्टआधी पोलीस चौकशी व्हायची. हवालदार शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून जायचा की माणूस कसा आहे. आमचे एक गिऱ्हाईक, देशपांडे मास्तर, अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला राहायचे. शेजारच्या तिवारीजींशी त्यांचं सात जन्मांचं वैर. कारण काय, तर मास्तरांच्या पेरूच्या फांद्या भिंतीपलीकडे जायच्या आणि मास्तरांची बाजाची पेटी पहाटे सुरू व्हायची.

मास्तरांना नेमकी हीच धास्ती. "तो तिवारी आता उट्टं काढणार बघा! माझी नैरोबीची नोकरी गेली!" तीन-चार वेळा येऊन मामासाहेबांना म्हणाले, "त्या गल्लीत चौकशी नको असं काही करता येतं का?"

हवालदार गेला आणि नेमकं तिवारीजींचंच दार ठोठावलं. मास्तर खिडकीच्या फटीतून बघतायत. आत चहा झाला, भजी झाली. तासाभराने हवालदार बाहेर आला तो खूश. रिपोर्ट असा उत्तम गेला, की एवढा चांगला रिपोर्ट आमच्याकडे कुणाचाच आला नव्हता. सज्जन, विद्वान, निर्व्यसनी, गल्लीचं भूषण!

मास्तरांना गहिवरून आलं. पेरूंची टोपली घेऊन तिवारीजींकडे गेले. "तिवारीजी, मी तुम्हाला ओळखलंच नाही हो."

तिवारीजींनी टोपली घेतली आणि अगदी आस्थेने विचारलं, "वो सब ठीक है मास्टरजी, पेटी साथ ले जा रिये हो ना?"

*

गंगाधररावांची गोष्ट जरा नाजूक. एडनला एका पेढीत नोकरी लागली होती, जागा धरून ठेवली होती. पासपोर्ट आला, तो कुठल्याशा कारकुनाच्या डुलकीमुळे त्यात 'स्त्री' असं लिहून! एवढी मोठी मिशी फोटोत, आणि शेजारी 'स्त्री'.

दुरुस्तीसाठी मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करायचं होतं. मी ते टाइप केलं. टाइप करताना हसू आवरत नव्हतं, दोन कागद वाया गेले. मामासाहेब, मी, गंगाधरराव आणि त्यांच्या पत्नी वहिनीसाहेब, अशी वरात कोर्टात गेली. मॅजिस्ट्रेटसाहेब मूळचे इकडचेच, मराठी उत्तम समजायचं. पण खुर्चीत बसले की कडक हिंदी.

कागद वाचून म्हणाले, "आप पुरुष हैं, इसका कोई प्रमाण?"

गंगाधरराव लाल झाले. मामासाहेब छताकडे बघायला लागले. तेवढ्यात मागून वहिनीसाहेब पुढे आल्या.

"साहेब, लग्नाला इतकी वर्षं झाली, यांना घरात साखरेचा डबा कुठे असतो ते अजून माहीत नाही. आणखी काय प्रमाण पाहिजे?"

साहेबांनी तिथल्या तिथे सही ठोकली. सही करता करता पुटपुटले, "हमें भी नहीं मालूम."

*

आता सुमनची गोष्ट. त्या दिवशी कुणी हसत नव्हतं, आधीच सांगते.

सुमन महूची. वडील पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आजोबाही पलटणीत. तिच्या वस्तीतून परदेशी जाणारी ती पहिली मुलगी. इंग्लंडच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला निवड झाली होती. गाडीचं रिझर्वेशन मिळालं नाही म्हणून बाप-लेक बसने मुंबईकडे निघाले. बस सुटताना अर्धं महू निरोपाला आलं होतं म्हणे.

इकडे त्याच सकाळी ऑफिस उघडतंय तोवर डॉक्टर सोहनी धापा टाकत वर. चेहरा पांढराफटक. "मामासाहेब, घात झाला! सुमनच्या पुस्तकावर मी सही केली, पण त्या दिवशी शिक्का दुरुस्तीला गेला होता. मुलीला म्हटलं, नंतर मारतो. आणि राहिलं! ती तशीच गेली!"

मामासाहेबांनी पायात चपला सरकवल्या. किल्ली उचलली. त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती, तिला दार नव्हतं आणि हॉर्नही मनात असेल तरच वाजायचा. डॉक्टर पुढे बसले, शिक्का मुठीत. मी मागे चढले, कशाला ते मला माहीत नाही. राऊ गेलं, महू गेलं. डॉक्टर सारखे म्हणत होते, "पोरीचं आयुष्य माझ्या टेबलावर राहिलं हो." मामासाहेब फक्त रस्ता बघत होते.

मानपूरला बस चहाला थांबते, एवढीच आशा. पोहोचलो तर कपबशा विसळून झालेल्या आणि बस हलायला लागलेली! मामासाहेबांनी जीप सरळ आडवी घातली.

ड्रायव्हर ओरडला, "ऐ भिया! मरना है क्या?"

डॉक्टर शिक्का उंच धरून धावले, "सुमन! सुमन! पुस्तक काढ!"

सुमन खाली उतरली. काय झालं ते कळलं तशी तिने पिशवी उपसली. तिने पुस्तक जीपच्या बॉनेटवर ठेवलं. डॉक्टरांनी शिक्का उचलला आणि तसाच थांबला त्यांचा हात. शाईचं पॅड टेबलावरच राहिलं होतं!

आता मात्र मला रडू यायला लागलं. पण मागोमाग उतरलेले तिचे वडील, हवालदारसाहेब, म्हणजे पलटणीचा माणूस. त्यांनी आजूबाजूला एकदा नजर फिरवली, कंडक्टरच्या कानावरची जांभळी पेन्सिल ओढली, ती जिभेला लावली की शाईसारखी उठते ना, ती! चहावाल्याची बशी घेतली, पेन्सिल सोलून तिचं शिसं बशीत कुटलं आणि वर चार थेंब पाणी. झाली शाई! डॉक्टरांनी शिक्का बुडवला, डोळे मिटले आणि मारला. उठला! झकास, गोल, जांभळा!

ओला शिक्का फिसकटायला नको म्हणून सुमन फुंकर घालायला लागली. मग मी, मग डॉक्टर, मग बसमधून उतरलेले सगळे. एक पागोटेवाले बाबा जाहीर करून मोकळे झाले, "सूख गयो! सूख गयो!" टाळ्या पडल्या. हवालदारसाहेबांनी डॉक्टरांना कडक सॅल्यूट ठोकला आणि मग एकदम गळ्यात पडले.

सगळं झाल्यावर कंडक्टर पुढे आला. रिकाम्या लाकडाचे दोन तुकडे हातात. "बहनजी जाओ, खूब तरक्की करो. पर डॉक्टर साब, अब टिकट म्हैं उंगली से काटूँ?"

एडनहून सुमनचं कार्ड आलं. मुंबईच्या बंदरावर डॉक्टरने पुस्तक उघडून म्हटलं होतं, "आज दिवसभरात हा पहिला नीट वाचता येणारा शिक्का!"

*

आणि आमच्या काकीसाहेब. दरबारी घराण्यातल्या. विधवा, करारी, परक्या पुरुषापुढे पदर कपाळाच्या खाली. एकुलता एक मुलगा विलायतेत डॉक्टर झाला आणि तिथेच एका गोऱ्या मुलीशी लग्न करून बसला. काकीसाहेबांनी चार वर्षं त्याच्या पत्राला उत्तर दिलं नाही. त्याने सुनेचा फोटो पाठवला, तो पाकीट न फोडताच परत केला. आणि एके दिवशी अचानक आमच्या माडीवर हजर. "मामासाहेब, मला जायचंय."

पहिलं संकट फोटोचं. मामासाहेब हात जोडून म्हणाले, "काकीसाहेब, फोटोत चेहरा उघडा लागतो."

"कोण बघणार?"

"तिकडच्या बंदरावरचा साहेब."

"कुठल्या घराण्यातला?"

मामासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, "काकीसाहेब, तिकडे सगळ्यांच्या सासवा असाच काढतात." फोटो निघाला. तो हातात घेऊन त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "ह्या तर आमच्या सासूबाई!"

मग देवी टोचल्या, कॉलऱ्याचं झालं, दोन दिवस ताप झाला. कुरकुर नाही. बोटीवर सोबतीला एक ओळखीचं कुटुंब होतं, पण आम्हाला काळजी त्या टोकाची, विलायतेतल्या बंदराची. साहेब प्रश्न विचारतो, उत्तर पटलं नाही तर अडवून ठेवतो. काकीसाहेबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

काही महिन्यांनी त्या परत आल्या. बोटीवरून उतरून इंदूरला आल्या त्याच आठवड्यात माडी चढून वर. रामरतनने खुर्ची पुसली. आम्ही सगळे भोवती.

"बंदरावर काय झालं?" मामासाहेबांनी आधी तेच विचारलं.

"झालं काय, बरोबरचे लोक दुसऱ्या रांगेत गेले. साहेब एकेक विचारतोय, मला कळत नाही. मुलगा कठड्यापलीकडे, त्याला आत सोडत नाहीत. तेवढ्यात शिपायाला काहीतरी सांगून एक गोरी मुलगी आत आली. लुगडं नेसलेली हो! निऱ्या उलट्या, पण नेसलेली. साहेबाशी बोलली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. मला वाटलं, बोटीच्या कंपनीने ठेवली असेल, आमच्यासारख्यांसाठी. मराठी बोलते, मोडकं. म्हणाली, साहेब विचारतो, किती दिवस राहणार?"

"मग?"

"मी म्हटलं, त्याला सांग, सून कशी आहे ते बघते, मग ठरवते."

डॉक्टर सोहनींनी कपाळाला हात लावला.

"ती मुलगी लालबुंद झाली. मग साहेबाकडे वळून बोलली, बराच वेळ बोलली. साहेबाने चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. खुर्चीतून उठून तिच्याशी हात मिळवला आणि धाडकन शिक्का मारला. बाहेर आलो, तर ती जाऊन माझ्या मुलाच्या शेजारी उभी! तो म्हणतो, आई, ही..."

मामासाहेब पुढे वाकून म्हणाले, "पण काकीसाहेब, ती साहेबाला बोलली काय?"

"विचारलं ना मी. निघताना धक्क्यावरसुद्धा विचारलं. सांगत नाही कार्टी. नुसती हसते!" असं म्हणत काकीसाहेबांनी पासपोर्ट उघडून टेबलावर ठेवला. "पण शिक्का बघा. वर्षभराचा मारलाय!"