कौल लागण्याआधी

देवावर माझा विश्वास होता असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर होती ती भीती, आणि तिलाच मी श्रद्धा म्हणत होते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे; त्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उठते. चार वर्षं इंजेक्शनं घेऊनही एमआरआयमध्ये मेंदूत नवे डाग दिसले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता औषध बदलू, सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून देऊ. गेलेलं परत येईल असं नाही, पण पुढचं नुकसान रोखायचा प्रयत्न करता येईल. जंतुसंसर्गाचा धोका मात्र वाढेल. तो धोका ऐकूनच माझं धाबं दणाणलं. पाय अगदी ठीक आहेत, असं बाईंना ठोकून देऊन मी दोन महिने चालढकल केली.

शेवटी आम्हा कोकणातल्या माणसांचं हायकोर्ट गाठायचं ठरवलं. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीमागच्या देवळात गुरवकाका कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सकाळीच मी परळहून अनवाणी चालत गेले. मनातून मी नकारच मागत होते, हे आज कबूल करते.

काकांनी कळ्या लावून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. मी डोळे मिटले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरला. दर्शनाला आलेली एक म्हातारी होती, मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"गो बाय, पायातसून रगात येता. तुका दुखना नाय?"

मी वळून पाहिलं. दारापासून गाभाऱ्यापर्यंत पांढऱ्या लादीवर एकाच पावलाचे लाल ठसे होते. तळव्यात बोटाएवढी काच रुतली होती आणि मला काहीच कळलं नव्हतं. मी मटकन खाली बसले. स्वतःचाच पाय मला परक्याचा वाटला. म्हातारीने काच काढून पदराने तळवा दाबून धरला, तेही मला फक्त दिसत होतं.

"देवाक काय इचारतंस आता?" ती हळूच म्हणाली. काका गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडून उभेच राहिले होते. कळ्या दोन्हीकडे तशाच चिकटलेल्या होत्या.

जखमेला टाके घालून झाल्यावर मी तशीच डॉक्टरबाईंकडे गेले आणि पहिल्यांदा खरं बोलले: "माझा पाय मला कळत नाही."

दोन सलाईन झाली. पुढे काय होईल ते बाईंनाही ठाऊक नाही, मलाही नाही. त्या म्हातारीचे उपकार मात्र जन्मभर फिटायचे नाहीत. देवावर भार टाकायचा तर आधी त्याच्यापुढे खरं बोलावं लागतं, एवढं मला कळलं. अजूनही त्या देवळात जाते. चप्पल दारापर्यंत घालते, आणि आत पाऊल टाकण्याआधी तळवे पाहून घेते.