लेझर ऐकायला शेगावला

"शनिवारी शेगावच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान आहे," असा पल्लवीचा मेसेज आला आणि मी ठरवून टाकलं. जायचं, आणि लग्नाचं विचारूनच यायचं. बी.एस्सी.ला आम्ही एकाच टेबलावर प्रॅक्टिकल करायचो. परीक्षकानं माझं रीडिंग चुकीचं ठरवलं म्हणून मी त्याच्याशी भांडलो आणि कॉलेजच सोडलं. ती शिकत राहिली. आता लेझरवर पीएच.डी. करते.

चिखलीहून सकाळची एसटी धरा. अमडापूरवरून खामगाव, तिथं गाडी बदलायची. तीन तास धरून चला. शेगावात उतरल्यावर कचोरी घेतली. ती खातखातच कॉलेज गाठलं.

हॉलमध्ये तीस-चाळीस पोरं होती. पल्लवी सांगत होती, लेझरचा अगदी क्षणाच्याही कणाएवढा झटका वायूतल्या रेणूमधून इलेक्ट्रॉन बाहेर ओढतो, आणि उलटून त्याला परत त्याच रेणूवर आणून आदळतो. त्या आदळण्यातून टोकाचा अतिनील प्रकाश निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. हवाच त्याला गिळते, म्हणून त्याची सगळी वाट निर्वात ठेवावी लागते. त्या प्रकाशावरून रेणूचा आकार ओळखायचा, हे तिचं काम.

पहिल्या रांगेतले पांढऱ्या केसांचे एक सर उठले. "वायूतले रेणू कसेही आडवेतिडवे फिरत असतात. मग रेणूच्या आकाराचं तुझं हे चित्र खोटं नाही कशावरून?"

माझं डोकंच फिरलं. "खोटं कोणाले म्हणता हो? रात्रंदिवस राबली ते!"

पोरं हसली. पल्लवी माईकवरूनच म्हणाली, "बस ना बे खाली!"

मी बसलो नाही. शिपायानं दंड धरून मला बाहेर काढलं.

पाऊण तासानं ती आली. "ते माझे गाईड आहेत. दरवेळी असंच झोडपतात मले. आमच्यात कोणी खोडून पाह्यल्याशिवाय कामाले किंमतच नसते."

"मले वाटलं तुझा अपमान..."

"तुले नेहमीच वाटते. परीक्षकाच्या वेळीही वाटलं होतं. रीडिंग चुकलंच होतं तुझं. मी पाह्यलं होतं."

"मंग तवा काऊन नाही सांगितलं?"

"तू ऐकलं असतं?"

तरीही मी लग्नाचं विचारलं. तेही तावातावानं, भांडल्यासारखं.

"नाही," ती म्हणाली. "जाते, सर थांबून राह्यले."

घरी येऊन आठवडा झाला. तुम्ही कधी असं व्याख्यान ऐकायला गेलात, तर प्रश्न झाल्यावर थांबा. सरांना तिनं काय उत्तर दिलं, ते मला अजून माहीत नाही. विचारायचं तर तिलाच विचारावं लागेल.