खिडकीच्या जागी फलक

डॉक्टर मोरेश्वर राऊत गेल्याची बातमी मला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळाली, आणि ती टाकणाऱ्याचे नाव वाचून मी फोन उपडा ठेवला. दुःख नंतर झाले. आधी संताप आला. संदेशात जोडलेले हात होते, तेवती पणती होती, ‘आपणा सर्वांचे लाडके डॉक्टर, देवमाणूस’ असे शब्द होते आणि खाली आमच्या सचिवांचे नाव होते. महामारीच्या काळात याच देवमाणसाची खिडकी ज्या कागदाने बंद पाडली, त्या कागदावरही हेच नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही. ज्यांचे आहे त्यांना ते ठाऊक आहे आणि कागद माझ्यापाशी आहे.

आदल्याच संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो होतो. नाकाला ऑक्सिजनची नळी, मांडीवर तो जुना लँडलाइन, आणि कानाशी रिसीव्हर धरून ते डोळे मिटून कुणाचे तरी ऐकत होते. बराच वेळ ऐकले. मग हळू आवाजात एकच शब्द म्हणाले, “पुरे.” रिसीव्हर ठेवला, माझ्याकडे पाहून हात हलवला आणि बोलण्याचे श्रम नकोत म्हणून मीही फार थांबलो नाही. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो शेवटचा शब्द. त्या शब्दाला आमच्या उमेळे गावात काय अर्थ होता, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

राऊतांची इथे वाडी होती. केळी, पानवेल, थोडी फुले, काठाला नारळ. डॉक्टरांच्या वडिलांनंतर भावंडांत वाटण्या झाल्या, वाडी विकसकाकडे गेली आणि तिच्यावर आमची इमारत उभी राहिली. डॉक्टरांच्या वाट्याला तळमजल्यावरचा एक गाळा आणि वरचे घर आले. गाळ्यात त्यांनी दवाखाना थाटला. मी त्याच इमारतीत सदनिका घेणाऱ्यांपैकी. न्यायालयात अधीक्षक म्हणून नोकरी केली, वकिली कधीच केली नाही. तरीही डॉक्टर मला पहिल्या दिवसापासून ‘वकीलसाहेब’ म्हणत. ज्या जमिनीवर आम्ही सारे हप्ते फेडून ‘मालक’ झालो, तिथल्या विहिरीत ते पोहायला शिकले होते. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला ऐकवली नाही. मी ती ऐकवतो, कारण पुढे याच जमिनीवर त्यांच्या रुग्णांना ‘बाहेरचे’ ठरवण्यात आले.

टाळेबंदी आली तेव्हा आसपासच्या दवाखान्यांची शटरे एकामागून एक खाली आली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. भीती खरी होती आणि संरक्षणाची साधने नव्हती. राऊत डॉक्टरांनीही दार बंद केले. मात्र दवाखान्याच्या मागच्या भिंतीला एक खिडकी होती, आमच्या आवारात उघडणारी. तिच्या गजांमधून त्यांनी एक दोरी बाहेर सोडली आणि तिचे दुसरे टोक आत एका पितळी घंटीला बांधले. बाहेर, खिडकीपासून हातभर नव्हे, चांगले अंतर सोडून, एक बाक ठेवले. रुग्णाने यायचे, दोरी ओढायची आणि बाकावर जाऊन बसायचे. मग डॉक्टर आतून खिडकी उघडत. औषधे, थर्मामीटर, बोटाला लावायचे ते यंत्र, सारे काही गजांमधून बाहेर येई ते एका लांब काठीला बांधलेल्या जाळीतून. आमच्या कोकणात तिला झेला म्हणतात. आंबे उतरवायला वापरतात. वडिलांच्या वाडीतली तेवढी एक वस्तू त्यांनी जपून ठेवली होती. “आयुष्यभर यातनं आंबे खाली आले, आता गोळ्या बाहेर जातायत,” ते म्हणाले होते.

पण नाडी पाहायची कशी, छाती ऐकायची कशी? त्यावर त्यांनी काढलेला उपाय साधा होता आणि फोनवरही चालणारा होता. रुग्णाला जे तोंडपाठ असेल ते एका दमात म्हणायला लावायचे. काय म्हणायचे ते रुग्णाने ठरवावे. मात्र रोज तेच म्हणावे. काल जिथपर्यंत श्वास पुरला तिथपर्यंत आज पुरतो का, एवढे ते ऐकत. पुरला की “पुरे” म्हणत, आणि तो शब्द ऐकून माणसे रडत. आधी अडखळला की आवाज तसाच ठेवून घरातल्या कुणाला तरी फोन द्यायला सांगत. शाळेतली मुले पाढे म्हणत. भातशेती करणारा एक म्हातारा त्याच्या बैलांची, म्हणजे आजवर होऊन गेलेल्या साऱ्या बैलांची नावे म्हणे. शेजारच्या पाड्यातली फिलूबाय ‘नमो मारिया’ ही मेरीमातेची प्रार्थना म्हणे. तिला एकदा डॉक्टरांनी मध्येच थांबवले तर ती गजापलीकडून कडाडली, “डाक्टर, मारियेला अर्ध्यावर सोडायची नाय. तुझं पुरे झालं असंल, तिचं नाय झालं!” तेव्हापासून डॉक्टर तिची प्रार्थना पूर्ण होऊ देत आणि मगच बोलत.

मी राज्यघटनेची उद्देशिका म्हणत असे. ‘आम्ही, भारताचे लोक’ इथून सुरुवात. तब्येत बरी असताना माझा दम ‘समानता’ या शब्दापर्यंत जाई. ‘बंधुता’ फार पुढे आहे, तिथवर मी कधीच पोहोचलो नाही. “फुप्फुस ठणठणीत आहे, वकीलसाहेब,” डॉक्टर म्हणत, “पण ‘न्याय’ म्हणताना तुमच्या रक्तदाबाचं काय होतं ते मला इथनंही दिसतं.”

एवढ्यावर कुणाचे काय बिघडणार होते? बिघडले. आमच्या व्यवस्थापक समितीने ठराव केला की आवारात बाहेरच्या रुग्णांची वर्दळ होत असून रहिवाशांच्या जिवास धोका आहे. संबंधित कार्यालयाकडे तक्रारही गेली. त्या कार्यालयाने त्याआधीच एक परिपत्रक काढले होते: नोंदणीकृत डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवल्यास कारवाई होईल. आता त्याच कार्यालयाची नोटीस आली: दवाखाना चालू ठेवून गर्दी जमवल्याबद्दल कारवाई का करू नये? दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मी उत्तर लिहायला बसलो. एकाच माणसाला एकच कृत्य केल्याबद्दल आणि न केल्याबद्दलही दंडनीय ठरवणारी व्यवस्था कायद्याची असू शकत नाही, ती केवळ लहरीची असते, असे त्यात लिहिले. खिडकी मंजूर नकाशात आहे, ती बंद करण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही, हेही लिहिले. डॉक्टरांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “सुंदर लिहिलंय. आता यावर कोण एका दमात उत्तर देतो ते बघू.” उत्तर आजतागायत आलेले नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी बाकावर पाहिले तर सचिव स्वतः बसले होते. शेजारी त्यांची पत्नी, खांद्यावर शाल, डोळे खोल गेलेले. रुग्णालयात खाट नव्हती, फोन कुणी उचलत नव्हते, आणि दोरी मात्र हाताशी होती. बाईंना काही आठवेना. त्या रडू लागल्या. डॉक्टर आतून म्हणाले, “वहिनी, माहेरी कोण कोण आहे? सगळ्यांची नावं घ्या बघू, मोठ्यापासून.” बाईंनी नावे घेतली आणि तिसऱ्या भावापाशी अडकल्या. डॉक्टरांनी तिथल्या तिथे आपल्या ओळखीच्या एका रुग्णालयात फोन लावला, हुज्जत घातली, आवाज चढवला. मी त्यांना तेवढे एकदाच ओरडताना ऐकले. खाट मिळाली. बाई बऱ्या होऊन घरी आल्या, याचा मला आनंदच आहे... आणि त्यानंतर भरलेल्या सभेत सचिवांनी खिडकीसमोर पत्रे ठोकण्याच्या ठरावावर सही केली. मी जिन्यात त्यांना गाठून विचारले, “अहो, मध्यंतरी तुम्ही तिथेच बसला होता ना?” ते म्हणाले, “काका, ते पर्सनल झालं. हा सोसायटीचा विषय आहे.” इतक्या वर्षांत न्यायालयात मी नाना तऱ्हेचे युक्तिवाद ऐकले, पण इतका थंड युक्तिवाद ऐकल्याचे स्मरत नाही.

पत्रे ठोकले गेले. खिडकी होती, पण तिच्यापर्यंत पोहोचायला वाट नव्हती. मी डॉक्टरांना म्हटले, “मनाई हुकूम आणू. खटला भक्कम आहे.” ते म्हणाले, “वकीलसाहेब, कोर्ट बंद आहे. ताप चालू आहे.” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर, गटाराच्या कडेला, रस्त्यावर जाऊन बसले. आता मध्ये भिंत नव्हती, गज नव्हते, अंतर राखायला बाक नव्हते. धुळीत, ट्रकच्या आवाजात रुग्णांचे पाढे ऐकू येईनात, म्हणून ते पुढे झुकत. माणसेही पुढे झुकत. जी गर्दी टाळण्यासाठी पत्रे ठोकले, ती गर्दी पत्र्यांनीच रस्त्यावर उभी केली. हे मी समितीला लेखी कळवले होते. पोच आहे.

पावसाच्या तोंडावर त्यांना ताप भरला. आता फोन मी करत होतो. “डॉक्टर, म्हणा,” मी म्हटले. “काय म्हणू?” त्यांनी विचारले, आणि मग स्वतःच सुरू केले. वाडीतली केळी. “राजेळी, तांबडी, वेलची, मुठेळी, बसराई, बनकेळ...” पहिल्या दिवशी ते बनकेळापर्यंत गेले, दुसऱ्या दिवशी बसराईपर्यंत. नंतर मुठेळी. मग एका दुपारी वेलचीपाशी आवाज थांबला, नुसता श्वास ऐकू येत राहिला, आणि त्यांच्या पत्नी सरोजवहिनींनी फोन घेतला. पुढचे लिहीत नाही. डॉक्टर वाचले. पण बनकेळापर्यंत ते पुन्हा कधी पोहोचले नाहीत.

पत्रे नंतर कुणी, केव्हा काढले, याची नोंद इतिवृत्तात नाही. खिडकी पुन्हा उघडली आणि फुप्फुसांचे जे काही उरले होते त्यावर डॉक्टरांनी पुढची वर्षे काढली. जिना चढणे बंद झाले, तेव्हा दवाखान्यातच खाट टाकली. बोलणे कमी झाले, ऐकणे मात्र चालू राहिले. सेवा बजावताना ज्यांना कायमची हानी झाली त्यांत त्यांची गणना व्हावी म्हणून मी अर्ज केला होता. उत्तर एका ओळीचे आले: सदर व्यक्तीची सेवा अधिग्रहित केलेली नव्हती. खरेच आहे. त्यांना कुणी बोलावले नव्हते. दवाखाना बंद ठेवल्यास कारवाईची धमकी दिली होती, एवढेच. डॉक्टरांना मी तो कागद दाखवला तेव्हा ते म्हणाले, “बरोबर लिहिलंय की त्यांनी. मी माझ्याच वाडीत बसलो होतो.”

शोकसभा आवारातच झाली. सचिव बोलले, गहिवरले. मला वाटते तो गहिवर खोटा नसावा, आणि हीच त्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. मी उभा राहिलो आणि एवढेच मागितले की शोकप्रस्तावाला पत्रे ठोकण्याचा ठराव जोडावा, म्हणजे अभिलेख पूर्ण होईल. कुजबुज झाली. “काका, प्लीज, आज इमोशनल होऊ नका ना,” एक तरुण सभासद म्हणाला. मागून फिलूबाय बोलली, “बोलू दे ना त्याला. तुमाला चार हात जोडलेले चालतात, एक बोट दाखवलेलं नाय चालत?” सभेत हशा पिकला, तो लगेच विझला, आणि विषय मतदानाला न घालताच संपवण्यात आला.

आता समितीने डॉक्टरांच्या स्मरणार्थ संगमरवरी फलक करून आणला आहे. अक्षरे सोनेरी आहेत. ‘रुग्णसेवेचे व्रत’ वगैरे मजकूर आहे. तो लावण्यासाठी दर्शनी आणि आवारातून दिसणारी जागा हवी होती, म्हणून एकमताने खिडकी निवडली आहे. खिडकी विटांनी बुजवायची, वर गिलावा करायचा आणि त्यावर फलक. गाळा वहिनींचा आहे; त्यांना विचारले सर्वांत शेवटी. त्या मला म्हणाल्या, “अण्णा, समितीला मी एवढंच सांगितलं की दगड मला नको, उजेड राहू द्या.” माझी हरकत मी नोंदवली आहे. मंजूर नकाशाची प्रत जोडली आहे. या वेळी न्यायालय उघडे आहे.

तोवर मी रोज सकाळी त्या बाकावर जाऊन बसतो. गवंडी दोनदा येऊन परत गेला. फलक शेजारीच, सोनेरी अक्षरे भिंतीकडे करून टेकवून ठेवला आहे. मी दोरी ओढतो. आत घंटी वाजते, वहिनी खिडकी उघडतात आणि खाटेच्या कडेला बसून राहतात. मी उद्देशिका सुरू करतो. दम ‘समानता’ या शब्दाच्या अलीकडेच संपतो हल्ली, वय झाले. डॉक्टर असते तर त्यांनी फोन घरात कुणाला तरी द्यायला सांगितले असते. वहिनींना त्यातले काही कळत नाही, त्या नुसत्या ऐकतात. ‘पुरे’ असे कुणी म्हणत नाही... मग मी श्वास घेतो आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात करतो.