खडकाची खूण

आपल्या देशाच्या उपग्रहांवरून समुद्रातली जागा दाखवणारी यंत्रं बोटींवर बसवायला मी दांडी या कोळीवस्तीच्या गावी किनाऱ्यावर गेलो होतो. एका म्हाताऱ्या तांडेलाने माझं बोलणं अर्धंच ऐकलं आणि मला सरळ आपल्या बोटीत बसवून खोल पाण्यात नेलं. मला बोट लागते, हे सांगायला त्याने सवडच दिली नाही.

बरंच आत गेल्यावर त्याने एक डोळा मिटला, हात लांब करून अंगठा उभा धरला आणि किनाऱ्यावरची कारखान्याची चिमणी व देवळाचा कळस एका रेषेत येईपर्यंत बोट हळूहळू सरकवली.

"इथं खाली खडक हाय, भरतीत दिसत नाय. माज्या भावाची बोट इथंच फुटली. धुक्यात त्याला किनारा दिसला नाय. ही जागा घाल यंत्रात."

मी घातली. "आता मासे मिळतात ती जागा दाखवा, तीही घालतो."

तो बोळकं पसरून हसला. "ती माज्या डोक्यात हाय, तिथंच ऱ्हाऊ दे. पन खडक सगल्यांच्या यंत्रात घाल."

यंत्र खुणेला नाव मागत होतं. भावाचं देऊ का, असं मी विचारलं.

"नाव कशाला? नुसतं 'जपून' लिव."

त्याचं स्वतःचं नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. पण नवापूरचा किनारा असो की दातिवऱ्याचा, बोटीवर यंत्र बसवलं की पहिली खूण मी तीच घालतो. धुक्यातून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक बोटीला तो म्हातारा अजून सांगत असतो, जपून.