हासली काहून?

आमच्या सासूबाईले टीव्हीतल्या जुन्या काळाचा जेवढा राग, तेवढाच नाद. रात्रीचे आठ वाजले की बाकी जग गेलं खड्ड्यात. भाजी करपो, पाहुणा दारात उभा राहो, इंदूबाई आपल्या खुर्चीत बसल्या म्हणजे बसल्या. अन् बसल्या की तोंड सुरू.

"अवं, हे काय वऱ्हाड हाय? धूळ कुठी हाय? मे महिना चालू हाय म्हनते, अन् एकाच्याही कपायावर घाम नाई!"

मी संध्या, त्यांची सून. त्यांले आत्याबाई म्हणते. अकोल्यात अंगणवाडीत आहे. शेजारची चंदा अन् समोरच्या घरातली आरती, दोघी आठाले आमच्याकडे हजर. घरी टीव्ही नाही म्हणून नाही बरं! दोघींच्या घरी भिंतीएवढे टीव्ही आहेत. पण इंदूमावशीच्या शिव्यांशिवाय सीरियल पाहणं म्हणजे मिठाशिवाय झुणका, असं चंदाच म्हणते.

सीरियल मालकीणबाईची. ऐंशी वर्षांपूर्वीचं वऱ्हाडातलं गाव, मोठं शेतकरी घर, अन् त्या घरची दयाळू मालकीण. झोपतानाही अंगभर दागिने. चुलीपुढं बसली तरी साडीवर एक डाग नाही. मालकीणबाई बोलते पुण्याचं, तिचा नवरा बोलते पुण्याचं, सासू तर त्यांच्याही वरताण. अन् आमची वऱ्हाडी कोणाच्या तोंडी? गड्याच्या अन् मोलकरणीच्या. मले सांगा, तेल्हाऱ्याकडचा काळ्या वावराचा मालक, अन् त्याले "काहून" म्हणता येत नाही? आमच्याकडचा हापिसातला सायबही रागावला की "काहून बे" म्हणते! पण टीव्हीवाल्याईचं ठरलेलं आहे. शहाणं बोलायचं तर पुणं, अन् हासू आणायचं तर वऱ्हाड. माझं डोकं तिथंच सटकते.

तरी पाहत होतो. एक दिवस प्रीतमनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विचारलं, "एवढ्या शिव्या देतं, तं पाहतं कायले माय?"

"शिव्या द्याले कोनीतरी पाहिजे ना बाप्पा," आत्याबाई म्हणाल्या. "तुले देऊ?"

तेव्हापासून तो आठ वाजता चौकात फिराले जाते.

अन् याच सीरियलमध्ये आमची पोरगी लागली. नीलम. अमरावतीले कॉलेजात होती तेव्हाच नाटकाचं वेड लागलं, मग मुंबईले गेली. दोन वर्षं इथं फोटो दे, तिथं रांगेत उभी राहा. एका खोलीत तिघी-चौघी पोरी. रडत फोन करायची ते आजीले, मले नाही. आजी म्हणायची, "वापस याचं नाई. तिकीट काढून पाह्य, तंगडं मोडीन." अन् दुसऱ्या दिवशी पार्सलनं तिळाची चटणी पाठवायची. शेवटी नीलमले काम भेटलं. मालकीणबाईच्या घरची मोलकरीण, गोदी नाव. गल्लीत जसा काही आमच्या घरी कलेक्टर जन्माले आला. चंदानं पेढे वाटले. आत्याबाईनं त्या संध्याकाळी विहारात नेसून जायची पांढरी साडी नेसली अन् खुर्चीत बसताना जाहीर केलं, "आज शिव्या नाई. आज आपली पोट्टी हाय."

सण होता सीरियलमध्ये. मागचं दार. वरच्या पायरीवर मालकीणबाई, खाली अंगणात आमची नीलम. तिनं पदर पसरला. मालकीणबाईनं वरून, हात न लावता, पदरात पुरणाची पोळी टाकली. अन् मग नीलमचं तोंड पडदाभर मोठं करून दाखवलं. हासून राहिली होती. डोळ्यांत पाणी, ओठावर हासू, मागून बासरी. जशी काही जन्माची कमाई झाली तिची.

चंदानं टाळ्या वाजवल्या. "अवो माय, कशी साजरी दिसते नीलम!"

आत्याबाई उठल्या. गुडघे धरत भिंतीपर्यंत गेल्या अन् बटन बंद केलं.

"हासली काहून थे?"

"मावशी, अ‍ॅक्टिंग असते ते," आरती म्हणाली.

"पदर पसरला, थे खरं हाय. माह्या मायनं पसरला, मी पाह्यला. हात लागू नोय म्हून वरून टाकत. नेम चुकला तं भाकर मातीत. मंग थेच झटकून आमाले देये. पन माही माय हासली नाई कदी. एकदाही नाई. हे हासली काहून?"

आरतीनं गुपचूप चपला घातल्या.

आमच्या घरात पदर पसरत नाहीत, हे गल्लीले माहीत होतं, पण लोक त्याले म्हातारीचं खूळ समजत. छप्पन साली आत्याबाईची माय नागपुरातून दीक्षा घेऊन गावी आली अन् तिनं सांगितलं, आजपासून या घरची बाई पदर पसरणार नाही. झालं. पोरगी तेव्हा सहा-सात वर्षांची. तिनं ते असं धरलं की आजपर्यंत सोडलं नाही. कापूस वेचाले गेल्या तर साऱ्या बाया पदराची ओटी करत, या कमरेले वेगळं फडकं बांधत. मुकादम हासला तर हासला. बाजारात पिशवी विसरल्या तर मेथीची जुडी हातात धरून आणतील, पदरात नाही. नीलम चार वर्षांची होती, चंदा तिले बोरं देत होती, पोरीनं फ्रॉक पसरला. आत्याबाईनं तिच्या हातावर चापट मारली. "वाटी आन घरातून!" पोरगी रडली, पण वाटी घेऊन आली. तिले सारं माहीत होतं. म्हणून तर म्हातारीले जास्त लागलं.

त्याच रात्री नीलमचा फोन आला. आत्याबाईनं घेतला नाही. मी घेतला.

"मम्मी, ते काम आहे माझं. सर म्हणाले हास, मी हासली. इतक्या वेळा करून घेतलं की गाल दुखून राहिले अजून. आजीले समजव ना."

मी काय समजवू? मले म्हातारीचाच राग आला होता. पोरगी दोन वर्षं वणवण फिरली, पहिलं काम भेटलं, अन् यांचं सुरू! मी तोंडावर बोलली, "आत्याबाई, जुना काळ दाखवाचा तर पदर पसरणारच ना कोणी?"

"पदराचं म्हनून राहिली का मी? पदर दाखवाच! साऱ्या दुनियेले दाखवा, कसे टाकत होते थे. हासन्याचं म्हनून राहिली मी. उद्या लोक म्हनतीन, पाहा, किती खुशीत होते बाप्पा हे लोकं."

खरंच, गल्लीतलीच एक बाई दोन दिवसांनी नळावर मले म्हणाली, "तेव्हा माया होती बाई माणसाईत, आता राहिली नाही." माया! मले असा संताप आला की बादली तिथंच ठेवून घरी आली. एवढी मायाळू होती मालकीणबाई, तर ताट द्याचं ना! हातात देऊन पाहाचं! वरून टाकते अन् मागून बासरी वाजते, ही कुठची माया?

आत्याबाईनं सीरियल बंद केली. नीलमशी बोलणंही बंद. आठ वाजले की खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसत. घर असं सुनं की चौकात फिरणारा प्रीतम वापस येऊन म्हणे, "माय, दे ना दोन शिव्या." रोज नीलमचा फोन येई, रोज ती विचारे, "आजी?" अन् मी म्हणे, "झोपली."

मग एक दिवस पोरीचा आवाज वेगळा आला. दिवाळीचा भाग होता, मोठा. मालकीणबाई साऱ्या गड्याईच्या बायाईले फराळ वाटते, अन् सगळ्यांत पुढं गोदी, पदर पसरून. नीलमनं सेटवर सांगितलं, "सर, पदर पसरते. हासणार नाही."

दिग्दर्शक गोड माणूस म्हणे. रागावला नाही. "अगं, आठ वाजता लोक जेवत असतात. त्यांना सुतकी चेहरा कशाला दाखवायचा? मालकीणबाई एवढ्या प्रेमानं देतायत, तुला आनंद नको का व्हायला?"

"वरून टाकलेल्याचा कोणाले आनंद होते, सर?"

"तेव्हा होत असे," तो म्हणाला.

तेव्हा होत असे! हा काय उभा होता का तिथं, माझ्या आजेसासूच्या बाजूले, मातीतली भाकर झटकत? मले आजही ते वाक्य आठवलं की भांडं आपटावंसं वाटते. नीलम पदर पसरून उभी राहिली, परत परत उभी राहिली, अन् हासली नाही. संध्याकाळी तिले सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

चार दिवसांनी ती घरी आली तेव्हा मी दारातच रडली. तिच्यासाठी, अन् खरं सांगते, तिच्या गेलेल्या कामासाठीही. आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्या, वाटीभर बोरं आणली अन् तिच्या हातात ठेवली. नीलमनं वाटी धरली अन् आजीच्या पायाशी बसली. आत्याबाईनं खुर्ची टीव्हीकडे फिरवली.

"लाव," त्या म्हणाल्या. "पाहू दे काय करून राहिले थे."

चंदा अन् आरतीही आल्या. दिवाळीचाच भाग लागला होता. तेच मागचं दार, तीच पायरी, गोदीचीच साडी, अन् साडीत दुसरी पोरगी. तिनं पदर पसरला. वरून लाडू पडला. तोंड मोठं करून दाखवलं. पोरगी हासली. चांगली दात दिसेस्तोवर.

"लाज नाही वाटत सटवीले!" चंदा ओरडली. मीही तोंड उघडलं होतं. आम्ही साऱ्या आत्याबाईकडे पाहून राहिलो होतो, की आता शिव्यांचा पाऊस पडते. पंधरा दिवसांचं साचलं होतं.

आत्याबाई पुढं वाकून त्या पोरीकडे पाहत होत्या.

"कोन हाय व हे?"

"करिश्मा," नीलम म्हणाली. "माझ्याच खोलीत राहते, आजी. तिले वर्षभर काम नव्हतं. मले विचारून गेली ती, घेऊ का म्हणून."

"जेवते का बराबर?"

"कधी जेवते, कधी नाही."

"फोन लाव तिले."

"आजी, तिले बोलू नको काही," नीलम घाबरून म्हणाली. "तिची काय चूक?"

"बोलून कायले राहिली मी? फोन लाव," आत्याबाईनं हात पुढं केला. "हासू हासू गाल दुखत असतीन पोट्टीचे."