नॉबवरचं पीठ

आवाज येत नव्हता म्हणून मी नॉब फिरवला. तरी येईना, म्हणून आणखी फिरवला. शेवटी तो जिथं अडतो तिथपर्यंत नेला… आणि मग लक्षात आलं, मोबाईलकडून अ‍ॅम्प्लिफायरला जाणारी तार नीट आत बसलेलीच नाही. शहाणा माणूस अशा वेळी आधी नॉब मागे आणतो. मी तार आत दाबली. हेडफोन कानावरच होता.

त्यानंतर मी काय ओरडलो ते मला ऐकू आलं नाही, पण अख्ख्या तांड्यानं ऐकलं. हेडफोन झटक्यात काढून फेकला तो लांब तारेसकट दारातल्या बकरीच्या चाऱ्यात जाऊन पडला, आणि तिथूनही गाणं स्पष्ट ऐकू येत होतं असं आमची ही सांगते. मला ऐकू येत होता फक्त एक रातकिडा. डाव्या कानात. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

ही झाली माझी ओळख. आता मुद्द्याचं.

मंडळी, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी पुष्कळ दिवसांपासून वाचतो आणि खरं सांगायचं तर जेवताना घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवून हसायचो. माझं बोरी अरबला कृषी केंद्र आहे. ज्या बाटलीवर लेबल नाही ती मी दुकानात ठेवत नाही, आणि ज्या गोष्टीला लेबल नाही ती डोक्यात ठेवत नाही. तरीही लिहायला बसलोय. भीती वाटली म्हणून नाही — लाज वाटली म्हणून.

घर आमचं गावापासून थोडं आत, बंजारा तांड्यावर. घरात मी, ही, आणि मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली सून संगीता. मुलगा विशाल नागपूरला कंपनीत. हे अ‍ॅम्प त्याचंच. तिथल्या घरमालकानं "एक तर हा डबा जाईल नाही तर तू जाशील" म्हटल्यावर त्यानं ते दोन मोठ्या स्पीकरांसकट आमच्या बैठकीत आणून ठेवलं. दोन्ही बाजूंना शंभर-शंभर वॅट. माझ्यासारख्या माणसाच्या हातात एवढी ताकद कोणी देऊ नये.

कानाचा प्रकार झाल्यावर विशालनं फोनवर माझी शाळा घेतली. "बापू, आधी नॉब शून्यावर. मग बटन चालू. मग हेडफोन कानाला न लावता हातात धरून ऐका. मग कानाला. मग हळूहळू वाढवा. बंद करायच्या आधी परत शून्यावर. तारा जोडताना प्लग काढलेला पाहिजे. आणि आईनं त्याच्यावर जो आरशांचा रुमाल टाकलाय तो काढा, त्याला वरून हवा लागते." मी हो हो म्हटलं. रुमाल काढला. बाकीचं विसरलो. दारव्ह्याच्या डॉक्टरांनीही कानात बॅटरी मारून सांगितलं होतं की पुन्हा असा दणका बसला तर हा कान विसरा. ते मात्र लक्षात होतं, पण डॉक्टर घाबरवतातच, असा माझा अनुभव.

दुपारी दुकान बंद करून घरी आलो की जेवण, मग आरामखुर्ची, हेडफोन, जुनी गाणी. नॉब मी घड्याळात तीनचा काटा असतो तिथं ठेवायचो आणि तिथंच सोडायचो. म्हणजे दुसऱ्या दिवशी नुसतं बटन दाबलं की काम झालं. पुन्हा पुन्हा कोण फिरवत बसेल?

तर कोणीतरी बसत होतं.

दुपारी येऊन पाहावं तर नॉब शून्यावर. पहिल्यांदा वाटलं, मीच केला असेल. दुसऱ्यांदाही तेच वाटलं. पण मी स्वतःला ओळखतो, इतका नीटनेटका मी नाही. आणि मग एक दिवस चष्मा लावून पाहिलं तर त्या काळ्या नॉबवर पांढरे डाग. पीठ! दोन बोटांचे ठसे, एक वर, एक खाली.

घरात भाकरी कोण थापतं? संगीता.

आता इथं आमची एक रीत सांगायला हवी. आमच्यात सून सासऱ्यासमोर पदर पुढे ओढते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. पुष्कळ घरांतून हे सुटलंय. आमच्या घरात सुटलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठेपणा वाटायचा. तिला काही सांगायचं असलं की ती सासूला सांगते, सासू मला. मला तिला काही सांगायचं असलं की मी भिंतीला सांगतो, नाही तर बकरीला. बकरीची सोय अशी की ती उलट बोलत नाही. सूनही बोलत नाही.

शिवाय मला आधीचा राग होता. स्पीकरवर गाणी लावली की ती सासूकडून निरोप पाठवायची, "मामाजीले म्हना थोडं हळू." आता हळूच ऐकायचं असतं तर एवढे मोठे स्पीकर कशाला? तर त्या पिठावरून मी अंगणात गेलो आणि बकरीसमोर उभा राहिलो. (घरात आम्ही गोरबोली बोलतो, तुम्हाला कळावं म्हणून इथं वऱ्हाडीत लिहितो.)

"आयकलं का वं?" मी म्हटलं. "या घरात एक नवी मांजर आली हाये. तिच्या पायाले पीठ रायते. अन् तिले वाटते, मालकापेक्षा तिलेच जास्त समजते."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"बकरीले कायले तरास देता?" ही आतून म्हणाली. "काय बोलाचं ते मले बोला."

त्यानंतरही नॉब रोज शून्यावर, रोज पीठ, आणि चौथ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाशी माझं भांडण झालेलं. मी बकरीला जे म्हणालो ते इथं लिहितानाही बोट अडखळतंय. म्हणालो, "बापाच्या घरी रेडिओ तरी पाह्यला होता का? आली मोठी मशीनले हात लावणारी!"

भाकरीचा आवाज थांबला. या वेळी सुरू झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन आला. घरी कार्यक्रम आहे म्हणाला. कार्यक्रम कोणता ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. जाताना संगीता माझ्या पाया पडली. आशीर्वाद द्यायचा असतो एवढंही मला सुचलं नाही.

मग विशालचा फोन. "बापू, तुम्ही काय म्हणाले तिला?"

"तिला काहीच नाही म्हणालो."

"मग?"

"बकरीला म्हणालो."

मग तो म्हणाला, "ती रडत नाही बापू. रडली असती तर मी समजावलं असतं. ती म्हणते, नागपूरला एक खोली पाहा, कशी का असेना. तांड्यावर मी परत जात नाही. आणि ती नाही आली तर मीही कशाला येऊ?"

त्या दिवशी पहिल्यांदा मला घर मोठं वाटलं. पण माझी ऐट कुठली जाते! मनात म्हणत होतो, पीठ तर पीठच होतं ना?

दोन दिवस वाट पाहून ही सकाळच्या एसटीनं आर्णीकडे निघाली, सुनेच्या माहेरी. निघण्याआधी तिनं पिठाचा डबा रिकामा केला, घासला आणि अंगणात उन्हात पालथा घातला. "सून येईस्तोवर या घरात भाकर नाही," म्हणाली. "खा बाहेर, काय खाचं ते."

खाल्लं. स्टँडवर आलूबोंडे. पण त्याआधी एक काम केलं. म्हटलं, आता घरात कोणी नाही, आता दाखवतो कोण खरं आणि कोण खोटं! बैठकीच्या खिडक्या लावल्या. नॉब तीनवर नाही, रागाच्या भरात थेट शेवटपर्यंत फिरवला. मोबाईलवर फोटो काढला, पुरावा म्हणून. दाराला दुकानातून आणलेलं कोरं कुलूप घातलं. त्याच्या दोन्ही किल्ल्या कमरेच्या करगोट्याला बांधल्या. हसू नका. वकील झालो असतो तर जिल्ह्यात नाव झालं असतं.

दुपारी परत आलो. कुलूप जसंच्या तसं. किल्ली सोडवायला करगोट्याची गाठ सुटेना म्हणून दारातच थोडा वेळ नाचलो. आत गेलो. खिडक्या बंद, कड्या लावलेल्या. मन इतकं भरून आलं होतं जिंकल्याच्या आनंदानं… की मी नॉबकडे पाहिलंच नाही. रोजच्यासारखा खुर्चीत बसलो, हेडफोन कानावर चढवला, मोबाईलवर गाणं सुरू केलं, हात लांब करून बटन दाबलं.

आणि बटन दाबता दाबता आठवलं, नॉब शेवटपर्यंत आहे.

हात मागे आला नाही. कान आखडले, डोळे मिटले, दात आवळले…

काही नाही. शांतता. फक्त माझा रातकिडा.

डोळे उघडले. हिरवा दिवा लागलेला. मोबाईलवर गाणं चाललेलं. आणि नॉब शून्यावर. त्याच्यावर दोन बोटांचे पांढरे ठसे. एक वर, एक खाली.

मी हेडफोन काढला, चष्मा पुसला, परत पाहिलं. मोबाईलमधला फोटो उघडून शेजारी धरला. फोटोत नॉब शेवटाला, आणि स्वच्छ. मग मी जे केलं ते घरच्यांनाही नंतर सांगितलं: त्या ठशाला बोट लावून चाखलं. ज्वारी. घरात पिठाचा कण नव्हता, डबा बाहेर उन्हात पालथा पडला होता, आणि माझ्या तोंडात ज्वारीचं पीठ.

भीती नाही वाटली. शप्पथ. मला काय वाटलं सांगू? कोणीतरी माझ्या कानाशी उभं आहे, आणि मी त्याला दोनदा बकरीसमोर शिव्या घातल्यात, तरी त्यानं आज पुन्हा हात पुढे केलाय… तोंड लपवायला जागा नव्हती.

तसाच उठलो. दुकान उघडलं नाही. मोटरसायकल काढली ती आर्णीच्या रस्त्याला.

संगीताच्या घरी सगळे अंगणातच होते. व्याही उठून म्हणाले, "या, बसा. चहा मांडा वं." ही बाजेवर बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. संगीता दाराशी, पदर पुढे. बोलायचं तर होतं, आणि सवयीनं माझी नजर फिरली. कोपऱ्यात त्यांचीही बकरी बांधलेली!

"तिकडे पाहू नका," ही हळूच म्हणाली.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा सुनेकडे तोंड करून बोललो. "संगीता, चुकलं बाई माझं. तुझा हात नव्हता. आज घरात कोणी नसताना पुन्हा झालं. अन् तुझा असता, तरी मी जे बोललो ते बोलायचं नव्हतं. तुझ्या बापाचं नाव घ्यायचं नव्हतं."

व्याह्यांनी खाली मान घातली. बहुतेक माझं काय बोलणं झालं होतं ते त्यांना तेव्हाच कळलं. संगीतानं सांगितलंच नव्हतं.

पदराआडून आवाज आला. इतक्या महिन्यांत माझ्यासाठी काढलेला पहिला. मी उजवा कान पुढे केला.

"मामाजी, पहिल्या दिवशी मीच फिरवलं होतं. तुमच्या कानाचं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. भाकर थापता थापता आठवलं, तशीच उठून आली. म्हटलं, तुम्ही इसरून जासान."

"अन् बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी हात नाही लावला. रोज पुसाले गेली की शून्यावरच दिसे. मले वाटे, तुम्हीच करून राह्यले. मी म्हनो, चला, मामाजीले सवय लागली."

व्याह्यांना हसू आवरलं नाही. मलाही नाही, पण माझ्या हसण्यात पाणी जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी संगीता आली. विशालही त्या रविवारी आला. यवतमाळच्या मेकॅनिककडून अ‍ॅम्प उघडून पाहिलं: आत मोटर नाही, रिमोटची सोय नाही, नॉब आपोआप सरकेल इतका सैल नाही, उलट जरा घट्टच. घरात कोणी आधी होतं का, काही घडलं होतं का, असं इथले जाणकार विचारतील. नाही. घर मीच बांधलंय, त्याआधी तिथं तूर पिकायची. उंदीर, पाल, माझा विसरभोळेपणा, सगळं धरून पाहिलं. फोटोपाशी आणि कुलपापाशी येऊन सगळं अडतं. कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. मी हसणार नाही.

हे सगळं हिला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं, आर्णीहून मोटरसायकलवर परत येताना. कुलूप, करगोटा, फोटो, पीठ, सगळं. ती मागे बसून ऐकत होती. मला वाटलं घाबरेल, नारळ फोडायचं काढेल. घर आल्यावर उतरली, पालथा डबा उचलून झटकला, आणि म्हणाली:

"कोन हाये ते नका धुंडू. उद्यापासून तुम्हीच शून्यावर आनत जा. ते जे कोनी असन, त्याले बी थोडा आराम भेटू द्या."